पहिली ओळ

नरसिंगानं भाज्या-दाण्यांच्या भज्जीत बाजरीचा उंडा बुडवून घास तोंडात टाकला आणि डाव्या हातानं खिशातला फोन काढून सिंधुबाईंपुढं धरला.

"आई, तुम्हीच सांगा आता हिला. माझं काय ऐकत न्हाई."

येळवशीचा, म्हणजे वेळा अमावस्येचा दिवस होता. अख्खं रेणापूर घरांना कुलपं लावून रानात जेवायला बसलेलं. हणमंतरावांच्या रानातही तुरीच्या कडेला कडब्याची कोप उभी होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडी पांडव, बाहेर घोंगडी, आणि घोंगडीवर चारच माणसं. हणमंतराव, त्यांची बायको सिंधुबाई, शिवांगी आणि तिचा नवरा नरसिंग. बघणाऱ्याला वाटलं असतं, नायगावहून लेक-जावई आलेत. ते खोटंही नव्हतं. पण शिवांगी सिंधुबाईंच्या पोटची नव्हती. ती त्यांची सून. एकुलता एक दयानंद साध्या तापाचं निमित्त होऊन गेला, आणि वर्षश्राद्ध उरकल्यावर सिंधुबाईंनीच स्थळ शोधलं, भावकीची बोलणी खाल्ली, स्वतःच्या दारात मांडव घातला आणि तिला नरसिंगाच्या घरी लेक म्हणून दिली.

नरसिंगाचं नायगावात बी-बियाण्यांचं दुकान होतं. भावंडांची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलेला, मनानं मोकळा गडी. या घराशी नातं कसं ठेवावं याचा त्यानं फारसा विचार केला नव्हता. सिंधुबाईंना आई म्हणायचं ठरवलं आणि म्हणायला लागला.

"काय केलं तिनं?" सिंधुबाईंनी विचारलं.

"हे तुमचं रोजचं कोडं. हिच्या नादानं मी बी खेळायलोय. मला हिनंच शिकवलं, आधी 'करवत' टाकायचं म्हणून. आईची युक्ती हाय म्हणली. आणि स्वतः काय करती? पहिली ओळ रोज वाया घालवती. सगळी खोकी राखाडी. का, तर हिचा शब्द ठरलेला. भुईमूग." तो हसला. "आता दुकानात माझ्या बी हाय की भुईमूग. पण मी बी एवढा जीव न्हाई लावला त्याला."

शिवांगी मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिली. कुस्करायला भाकरी उरली नव्हती तरी बोटं चालूच होती. हणमंतरावांचा घास तोंडातल्या तोंडात थांबला. त्यांनी तांब्या तोंडाला लावला, मिशा पुसल्या आणि उठून विहिरीकडं चालायला लागले. ताटात खीर तशीच होती. येळवशीला भरल्या ताटावरून कोणी उठत नाही.

"भात वाढू का?" सिंधुबाईंनी नरसिंगाला विचारलं.

"थोडा."

त्यांनी भात वाढला. एक शीत ताटाबाहेर सांडू दिलं नाही.

खेळ साधा होता. रोज सकाळी फोनवर एक नवा शब्द, चार अक्षरांचा, तो ओळखायचा. संधी सहा. अक्षर नेमक्या जागी पडलं तर खोकं हिरवं, शब्दात असून जागा चुकली तर पिवळं, नसलंच तर राखाडी. झालं की निकाल एकमेकांना पाठवायचा. निकालात अक्षरं दिसत नाहीत, नुसती रंगीत खोकी दिसतात. हे खूळ घरात दयानंदानंच आणलं होतं. पेपरातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय आईला चहा गोड लागत नाही, हे बघून एक दिवस त्यानं तिच्या फोनवर आणि बायकोच्या फोनवर ते घालून दिलं.

पहिला शब्द काय टाकावा यावरून मग रोज घरात वादंग. सिंधुबाईंचं म्हणणं, पहिला शब्द जिंकायला नसतो, खडा टाकून बघायला असतो. काना-मात्रा नसलेली, जिथं तिथं येणारी अक्षरं घ्यावीत. त्यावरून त्यांनी 'करवत' काढला होता आणि त्यांना त्याचा रास्त अभिमान होता. शिवांगीचं सगळं लहरीवर. सकाळी डोळ्यापुढं जे येईल ते. कधी कोथिंबीर, कधी हातपंप, एकदा तर शेजारीण. आणि दयानंदाचा शब्द एकच, भुईमूग. अक्षरं अशी आडवळणाची की पहिली ओळ हमखास कोरडी जायची.

"अरे, कधी लागायचा तो?" सिंधुबाई कातावायच्या.

"लागंल की. एसटी हाय ती. माणसानं थांबा सोडून इकडं तिकडं पळू न्हाई. एका जागी उभारलं की येतीच." आणि वर बोट नाचवून सांगायचा, "ज्या दिवशी लागंल ना आई, त्या दिवशी एकच ओळ. एकच. मग बघत बसा तुम्ही सासू-सुना."

त्याला भुईमुगाच्या शेंगा आवडायच्या, यापलीकडं त्या शब्दाला काही कारण नव्हतं.

तो गेल्यावर पुष्कळ दिवस कोणी फोनकडं बघितलं नाही. मग एका सकाळी सिंधुबाईंनी चहा गॅसवर ठेवला आणि खेळ उघडला. करवत लिहायला गेलेलं बोट वळलं आणि भुईमूग लिहून मोकळं झालं. चारी खोकी राखाडी. त्यांना त्या राखाडी ओळीचं इतकं बरं वाटलं की त्या ओट्याला टेकून रडल्या. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून शिवांगीचा निकाल आला. पहिली ओळ राखाडी. दुसऱ्या दिवशी राखाडी. तिसऱ्या दिवशीही. लहरीवर खेळणाऱ्या पोरीची ओळ रोज कोरडी जाईल कशी? एकदा उत्तर 'गडबड' निघालं, तेव्हा दोघींच्याही पहिल्या ओळीतलं शेवटचं खोकं पिवळं झालं होतं, भुईमुगातल्या ग मुळं. मग शंकाच उरली नाही. दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नाही. शिवांगी नायगावला गेली, कुंकू बदललं, आडनाव बदललं, आणि रोज सकाळी तिकडून राखाडी ओळ येत राहिली. सिंधुबाई ती बघायच्या आणि त्यांचा दिवस सुरू व्हायचा. पोरगी त्याला विसरली नाही, एवढं त्यांना पुरायचं. यात आपला स्वार्थ आहे हे त्या भज्जीच्या घासापर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

जेवणं झाली. नरसिंग कोपीच्या सावलीला आडवा झाला. सिंधुबाई शिवांगीला घेऊन हरभऱ्यात शिरल्या. बरोबर द्यायला भाजी खुडायची होती.

"तो शब्द सोड आता," वाकल्या वाकल्याच त्या म्हणाल्या.

"कोणता?"

"मला विचारतीस?"

शिवांगीनं शेंडे खुडले, ओच्यात टाकले. पानांवरच्या आंबट आंबानं तिची बोटं ओली झाली होती.

"तुम्ही सोडलाव का?" तिनं विचारलं.

"माझं काय. मी आई हाय. मला कोण विचारणार?"

"मग मला बी न्हाई सोडायचा."

"शिवांगी, ऐक. त्या घरात तू रोज सकाळी उठून आधी कुणाचं नाव घेतीस, ते आज त्याला ठावं न्हाई. उद्या कळंल. तो बोलणार न्हाई, भांडणार न्हाई, नुसता गप होईल. लई चांगला माणूस हाय गं तो. आणि तू बी... मी तुला तिथं नांदायला धाडलंय. राखण करायला न्हाई."

शिवांगीनं आणखी दोन झाडांचे शेंडे खुडले. तुरीतून कोणाच्या तरी रानातली हाळी ऐकू येत होती.

"ते म्हणायचे, थांबा सोडायचा न्हाई," ती शेवटी म्हणाली.

"त्याचं सगळं ऐकलीस का कधी?"

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. मग तिनं पदरानं नाक पुसलं.

"तुम्ही सोडा, मग मी सोडते. दोघी एकदमच. मी एकटी न्हाई सोडणार."

"बरं."

"उद्यापासून?"

"उद्यापासून."

"खरं सांगायलाव ना, आई?"

"येळवशीला काळ्या आईपुढं खोटं बोलन का मी?" सिंधुबाई म्हणाल्या. बोलताना त्यांचं मन अगदी साफ होतं.

उन्हं कलायच्या आत लेक-जावई निघाले. मागं हणमंतरावांनी प्रथेप्रमाणं रानाच्या कडेनं आंबील शिंपडली, भांडी उचलली, घोंगडी झटकली. दुपारच्या बोलण्याचा त्यांनी विषय काढला नाही. दयानंद गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. या खेळाला ते पहिल्यापासून पोरखेळ म्हणत. पोर गेल्यावर तेही म्हणायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवून सिंधुबाईंनी चष्मा पुसला आणि खेळ उघडला. चार रिकामी खोकी. शब्द ठरलेलाच होता. क टाकला. र टाकला. व टाकला. बोट त वर नेलं आणि तिथंच धरून ठेवलं.

नायगावला आत्ता शिवांगीही दुसरंच काही लिहीत असेल. शब्द दिला की पाळणारी पोर. म्हणजे आज ती सोडणार. आणि आपणही आजच सोडायचा. त्यांना एकदम दया चालायला शिकत होता तेव्हाचं आठवलं. एक हात हणमंतरावांकडं, एक त्यांच्याकडं, मधे डुगडुगणारं पोर. दोघांनी एकदम हात सोडायचा नसतो. एकानं धरून ठेवायचा, मग दुसऱ्यानं सोडायचा. हे साधं काल हरभऱ्यात कसं सुचलं नाही, याचा त्यांना स्वतःचाच राग आला. ती सोडतीय ना, सोडू दे, तिनं सोडायलाच पाहिजे. मी आजच्या दिवस धरते. उद्या बघू.

त्यांनी व पुसला, र पुसला, क पुसला. भुईमूग लिहिलं आणि बटण दाबलं.

पहिलं खोकं उलटलं, हिरवं. सिंधुबाईंना वाटलं, चला, आज एक तरी. दुसरं उलटलं. हिरवं. त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला. तिसरं हिरवं. चौथं उलटायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला असं त्यांना नंतर वाटत राहिलं, पण तसं काही नसणार. ते हिरवं झालं आणि पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडायला लागले. 'व्वा! पहिल्याच प्रयत्नात!'

त्या हसल्या. मोठ्यानं, स्वयंपाकघरात एकट्या, तोंडावर हात न घेता हसल्या. "लागला रे," त्या म्हणाल्या, "दया, लागला बघ." आणि आतल्या दाराकडं वळल्यासुद्धा.

दार उघडं होतं. खोलीत सकाळचं ऊन आलं होतं आणि भिंतीशी घडी घातलेली गादी होती.

चहा उतू गेला. गॅस बंद करून त्या पाटावर बसल्या. आता हे सांगायचं कोणाला? जगात एकच माणूस होतं, ज्याला या एका ओळीचा अर्थ कळला असता. खाली 'निकाल पाठवा' असं बटण चमकत होतं. त्यांनी बोट पुढं केलं, आणि तेवढ्यात फोन किणकिणला. शिवांगीचा निकाल आला होता.

पहिली ओळ राखाडी. रोजच्यासारखीच. पण आज राखाडीचा अर्थ उलटा होता. आज भुईमूग टाकला असता तर ती ओळ हिरवी झाली असती. पोरीनं शब्द पाळला होता. खाली आणखी ओळी होत्या, चाचपडल्यासारख्या, आणि पाचवी ओळ सगळी हिरवी. म्हणजे पाचव्या ओळीत तिला तो शब्द स्वतःच्या हातानं लिहावा लागला होता. सिंधुबाईंनी बटणावरचं बोट मागं घेतलं.

फोन वाजला.

"आई." मागं वाऱ्याचा आवाज होता, ती गच्चीवर गेली असावी. "आई, बघितलाव का?"

"बघितलं."

"आजच. कालपर्यंत रोज टाकत होते. एक दिवस न्हाई चुकवला. लग्नाच्या दिवशी बी टाकला होता, मेंदीच्या हातानं. आणि आज..." तिनं नाक ओढलं. "एक दिवस थांबले असते तर. ते म्हणायचे ना, थांबा सोडू न्हाई. मी सोडले आई. मी सोडले, आणि आले ते."

सिंधुबाईंनी डोळे मिटून घेतले. मांडीवर ठेवलेला डावा हात त्यांनी पदरात गुंडाळला, जणू त्यात काही धरलेलं तिला फोनवरून दिसेल.

"तुम्ही?" शिवांगीनं विचारलं. "तुम्ही काय टाकलाव?"

"करवत," सिंधुबाई म्हणाल्या.

"खरंच?"

"ठरलं होतं की आपलं."

"मग? कितव्यात लागला तुम्हाला?"

"लागलाच न्हाई."

"लागलाच न्हाई?"

"सहाच्या सहा गेल्या. असला आडवळणाचा शब्द मला कुठं सुचायलाय. शेवटी त्यानंच दाखवला, तवा कळलं."

 मग शिवांगीचा श्वास ऐकू आला, लांब, अडकत अडकत सुटलेला.

"म्हणजे तुमचा बी हुकला."

"माझा बी हुकला. तुला निदान पाचव्यात लागला. मला तेवढा बी न्हाई. आई असून." हे शेवटचं त्यांच्या तोंडून उगीच निघून गेलं.

"असं नका म्हणू," शिवांगी म्हणाली. आता ती त्यांची समजूत घालत होती. "ठरवलं होतं म्हणून झालं. दोघींनी मिळून ठरवलं होतं."

"दोघींनी मिळून."

"ते असते तर वर्षभर ऐकवलं असतं आपल्याला."

"वर्षभर कशाचं. जल्मभर."

ती हसली. रडक्या आवाजात, पण हसली. मागून नरसिंगाची हाक आली, चहा गार होतोय म्हणून.

"जा. बोलवायलेत."

"हाव. आई... उद्या काय टाकू?"

"जे दिसंल ते टाक. पहिल्यासारखं. कोथिंबीर टाक, हातपंप टाक."

"इथं हातपंप न्हाई. नळ हाय."

"मग तिथं जे हाय ते," सिंधुबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी पुन्हा खेळ उघडला. ओळ तिथंच होती. 'निकाल पाठवा'चं बटणही होतं. त्या बघत बसल्या. दाराशी हणमंतराव कधी येऊन उभे राहिले त्यांना कळलं नाही. गोठ्यातून येऊन पाय धुतलेले, पायांचं पाणी उंबऱ्यावर निथळत होतं.

"कुणाचा फोन?"

"शिवांगीचा."

"रडायली होती का?"

"नीट झाली."

सिंधुबाईंनी फोन त्यांच्याकडं सरकवला. हणमंतरावांनी तो हातभर लांब धरला आणि डोळे बारीक केले. पेपर वाचताना करायचे तसे त्यांचे ओठ हलले. भु. ई. मू. ग. मग त्यांनी खाली बघितलं, अजून काही आहे का म्हणून. काही नव्हतं.

"एकच ओळ?"

"एकच."

"म्हणजे लागला त्याचा."

"लागला."

ते जोत्यावर बसले. कप पुढं ठेवला तरी चहाला हात लावला नाही. पडदा काळा झाला की अंगठ्यानं पुन्हा उजळवत होते.

"तिला न्हाई सांगितलीस."

"न्हाई."

त्यांनी मान हलवली. का, ते विचारलं नाही. विहिरीवर काल ते काय करत होते, तेही सिंधुबाईंनी विचारलं नव्हतं.

"हे राहतंय का असंच?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"आज दिवसभर राहतंय. उद्या नवा शब्द येतो. मग हे जातंय."

"दयाचा आज दिवसभर हाय म्हणजे," हणमंतराव म्हणाले.

त्यांनी फोन बंडीच्या खिशात ठेवला, वरून हातानं एकदा चाचपला आणि चप्पल घातली. चहा तसाच होता. सिंधुबाईंनी त्यावर बशी झाकली आणि त्यांना रानाकडं जाऊ दिलं.